मूळ स्वरूप म्हणजे कोणत्या दिवसाचं? वारसा समित्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शहरांच्या वारसा संवर्धन समित्यांचे सन्माननीय सदस्य आणि नगररचना विभागांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

वारसा यादीसाठी झालेल्या आमच्या गल्लीतल्या सात बंगल्यांच्या पाहणीचा कागद हाती आला, त्याला चार महिने झाले. सातही घरांपुढे एकच शेरा आहे : "मूळ स्वरूपात मोठे बदल. नोंद आवश्यक नाही." शेरा आला आणि त्यानंतर दोन घरं पडली. तिसऱ्याभोवती पत्रे उभे राहिले आहेत. चौथं आमचं.

शहराचं आणि समितीचं नाव मी लिहीत नाही. एका समितीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं, असा माझा हेतू नाही. हाच शेरा इतर शहरांतल्या ओळखीच्या लोकांकडूनही माझ्या कानावर आला आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे. मी तीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. जुन्या घरांची मापं घेण्यात, नकाशे काढण्यात आणि ती घरं पाडण्याच्या परवानगीचे कागद तयार करण्यातही माझे हात गुंतलेले आहेत. त्यामुळे बाहेरून तक्रार करणारी बाई म्हणून माझ्याकडे बघू नका, ही विनंती.

आमचं घर १९२८ सालचं. आजोबा शाळेत शिक्षक होते. त्या पिढीतल्या हजारो लोकांप्रमाणे त्यांनी गावठाणातला वाडा सोडला आणि वेशीबाहेरच्या शेतात आखलेला भूखंड घेतला. यामागे नुसती हौस नव्हती. १८९६ साली मुंबईत आणि लगेच पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने जे केलं, ते पाहिलेली माणसं दाटीवाटीच्या वस्तीला घाबरली होती. १८९८ साली मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला, दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या जाऊ लागल्या. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. रुंद रस्ता, घराच्या चारही बाजूंनी मोकळी जागा, प्रत्येक खोलीला खिडकी, हे सगळं त्यातून आलं.

वाड्यात मोकळी जागा मध्ये असते, चौकात. रस्त्याकडे तोंड करते ती जाड भिंत आणि दिंडी दरवाजा. उपनगरातल्या बंगल्याने हे आतलं बाहेर केलं. चौक गेला, अंगण भोवती आलं, आणि पुढची पडवी रस्त्याकडे बघू लागली. मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्यांची राहण्याची रीत एका पिढीत बदलली, ती या घरांत. पण त्यात राहायला आली ती वाड्यात वाढलेली माणसं. म्हणून पहिल्या दिवसापासून घर आणि माणसं यांची ओढाताण सुरू झाली, आणि आपण ज्याला 'बदल' म्हणता तो तिथेच सुरू झाला.

समितीची माणसं पाहणीला आली ती रस्त्यावरून फोटो काढून गेली. आत आली असती तर मी त्यांना जेवणाच्या खोलीत नेलं असतं. तिथे पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी आहे. तिला बाहेरचे उभे गज आहेत, वर लाकडी कंसांवर तोललेला कौलांचा छोटा छज्जा आहे, आणि हे सगळं खोलीच्या आत आहे. खिडकी उघडली की समोर अंगण दिसत नाही, दुसऱ्या खोलीतला पलंग दिसतो. छज्जाच्या खाली भिंतीवर अजून पावसाच्या ओघळांचे डाग आहेत, वीस वर्षांच्या पावसाचे. १९४८ सालापर्यंत ही घराची बाहेरची भिंत होती आणि पुढे पडवी होती. त्या वर्षी पडवी बंद करून खोली केली आणि पाच माणसांचं एक कुटुंब तिथे भाड्याने आलं.

का केली, ते भिंतच सांगते. युद्धामुळे बांधकामाचं सामान मिळेनासं झालं, शहरात माणसं वाढली. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली. १९४८ सालच्या कायद्याने सरकारला रिकामी जागा ताब्यात घेता येऊ लागली, आणि घराघरांत धास्ती बसली की खोली मोकळी दिसली तर जाईल. आजोबांनी आपल्या पसंतीचं कुटुंब आधीच आणून ठेवलं. नव्या खोलीच्या झडपांना सागवान नाही. १९२८ च्या कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, आणि तुळया ब्रह्मदेशच्या सागाच्या आहेत. १९४२ मध्ये रंगून पडलं आणि तो साग यायचा बंद झाला. म्हणून झडपा देवदाराच्या, खोक्यांच्या फळ्या रंधून केलेल्या. आतल्या बाजूला रंग खरवडला तर माल पाठवणाऱ्याचा छापील शिक्का अजून वाचता येतो. एकाच भिंतीत वीस वर्षांच्या अंतराने बसवलेली दोन लाकडं आहेत आणि त्यांच्यामध्ये एक महायुद्ध आहे. याला आपण 'मोठे बदल' म्हणून फुली मारलीत.

आता मागच्या अंगणात चला. संडासाच्या भिंतीत जमिनीलगत एक हातभर रुंदीची चौकोनी जागा विटांनी बुजवलेली दिसते, आणि कुंपणाच्या भिंतीत एक अरुंद दार, तेही बुजवलेलं. घर बांधलं तेव्हा संडास टोपलीचा होता. मागच्या बोळातून एक माणूस यायचा, नंतर त्याची बायको यायची, आणि त्या भोकातून टोपली ओढून डोक्यावर घेऊन जायची. तिला पुढच्या फाटकातून येण्याची मुभा नव्हती, म्हणून ते दार. ते मूळ आराखड्यात होतं, मंजूर नकाशावर होतं. साठच्या दशकात सेप्टिक टाकी झाली आणि वडिलांनी दोन्ही बुजवली. टोपलीचे संडास आणि मैला वाहण्याची प्रथा यांना बंदी करणारा सार्वत्रिक कायदा यायला १९९३ साल उजाडावं लागलं. शेजारची छोटी खोली बाहेरून कडी असलेली, घरातल्या बायका दर महिन्याला चार दिवस तिथे बसायच्या. आईने लग्नानंतर दोन वर्षांत ती न्हाणीघर करून टाकली. तिने त्यावर कधी चर्चा केली नाही. गवंडी बोलावला आणि नळ बसवून घेतला.

हे दोन बदल माझ्या घरातले सगळ्यात मोलाचे आहेत, असं मी मनापासून मानते. 'मूळ स्वरूप' जसंच्या तसं राखलेलं घरच वारसा ठरणार असेल, तर आपण टोपलीचं भोक राखणाऱ्या घराला गुण देता आणि ते बुजवणाऱ्याचे गुण कापता. आपल्या मनात हे नाही, याची मला खात्री आहे. पण पाहणीच्या कागदावर ते तसंच उतरतं.

माझ्या तक्रारी आता सरळ सांगते.

पहिली तर वर आलीच : घर आतून न पाहता शेरा दिला जातो. पडवी बंद झाली की रस्त्यावरून एक सपाट भिंत, सरकत्या खिडक्या आणि लोखंडी जाळी एवढंच दिसतं. त्यामागे कैचीचं छप्पर शाबूत आहे का, दगडी जोतं आहे का, चुन्याच्या भिंती आहेत का, हे कळायला अर्धा तास आत यावं लागतं. आमच्याकडे माळ्यावरची मंगलोरी कौलं आजही पाठीवर कारखान्याचा शिक्का दाखवतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, त्यातून हा सगळा किनाऱ्याचा आणि पुढे देशावरचा कौलांचा धंदा उभा राहिला. तो इतिहास आमच्या डोक्यावर आहे, खालून दिसत नाही इतकंच.

दुसरी, 'मूळ' कोणत्या तारखेचं धरायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. आजोबांनी पहिल्याच पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराला पडवी जोडली. मग मूळ घर १९२८ चं की १९२९ चं? १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या पूर्वेच्या भिंतीला तिरकी भेग गेली. गवंड्याने ती सिमेंटने भरली आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती अडवतं, म्हणून तो पट्टा दर पावसाळ्यानंतर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. दुरुस्ती म्हणून ती चूक होती, मी स्वतः ती तशी करू दिली नसती. पण भूकंपाची खूण म्हणून ती खरी आहे. चुकलेली दुरुस्ती काढावी की ठेवावी, यावर वाद घालता येईल. तो वाद समितीने घालावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आपण तो घातलाच नाहीत.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, मग त्यात संस्कृत पाठशाळा, १८७९ साली आग लागून त्याचा भाग जळाला, तो पुन्हा बांधला गेला, पुढे तिथे नगरपालिकेचा कारभार चालला. या सगळ्या बदलांना आपण वाड्याचा इतिहास म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. शिक्षकाच्या घरात पडवीची खोली झाली, की मात्र ते विद्रूपीकरण. राजवाड्याला काळ चढतो आणि साध्या घराचा कस उतरतो, हा दुजाभाव आहे. आपल्याच क्षेत्राने मान्य केलेल्या तत्त्वात तो बसत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या, म्हणजे वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याच्या, अकराव्या कलमात स्पष्ट आहे की वास्तूच्या घडणीत सर्व कालखंडांनी घातलेल्या ग्राह्य भरीचा आदर राखायचा, आणि शैलीची एकसूत्रता हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नव्हे. आणि ते तर स्मारकांसाठी लिहिलं होतं. राहत्या घराला ते किती अधिक लागू पडावं!

आपल्या राज्याच्या नियमांतही याला जागा आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातलं कलम २२ विकास आराखड्यात वारसा इमारती आणि वारसा परिसर जपण्याची तरतूद करायला सांगतं. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली, तिच्यातली तिसरी श्रेणी वाचा. एखाद्या समाजाच्या किंवा प्रदेशाच्या जीवनशैलीचं प्रतिनिधित्व करणाऱ्या, वस्तीचा चेहरा ठरवणाऱ्या इमारती त्या श्रेणीत येतात. ज्या घराने एकत्र कुटुंब, भाडेकरू, वाटणी आणि पुन्हा एकत्र येणं हे सगळं भिंतींवर सोसलं, ते जीवनशैलीचं प्रतिनिधित्व करत नसेल तर दुसरं काय करतं?

चौथी. यादीत नाव नाही म्हणजे घराची कुठेच नोंद नाही. पाडण्याआधी मापं नाहीत, फोटो नाहीत, आतल्या खोल्यांचा साधा आराखडा नाही. जुने मंजूर नकाशे पालिकेच्या दप्तरात असतात. निळ्या कागदावरचे ते नकाशे घडी पडलेल्या जागी फाटत चालले आहेत. आमच्या घराचा मी मिळवला, तेव्हा त्याचे चार तुकडे माझ्या हातात आले. गल्लीतली दोन घरं पडली त्यातल्या एकाच्या बाहेरच्या जिन्याला लाल कोब्याच्या पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरी मधोमध इंचभर झिजलेली, आणि कठड्याच्या लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याचे किरण. १९३०-४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर जी नक्षी चढली, तिचीच ही उपनगरातली, गल्लीतल्या लोहाराने वाकवलेली आवृत्ती. मुंबईतल्या या, म्हणजे आर्ट डेको शैलीच्या, इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. ही जाळी वजनावर भंगारात गेली. मी धावत गेले तोवर टेम्पो भरला होता.

पाचवी तक्रार घरमालकांच्या वतीने आहे, आणि ती मला मांडलीच पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. २०१२ साली मुंबईत वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीच विरोध केला. त्यांना घराचं प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. यादीत नाव गेलं की पुनर्विकास अडणार, दुरुस्तीसाठीही फेऱ्या माराव्या लागणार, आणि खर्च मात्र आपल्याच खिशातून, ही भीती त्यामागे होती. आमच्या घरात आज आठ हिस्सेदार आहेत. पाच जणांना विकायचं आहे, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. एकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, एकीला वरचा मजला चढवत नाही. घर यादीत असतं तर हस्तांतरणीय विकास हक्कासारखी (इथे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची) काही सवलत मागता आली असती, बोलणी वेगळ्या पायावर झाली असती. 'नोंद आवश्यक नाही' या तीन शब्दांनी राखू पाहणाऱ्या तिघांच्या हातातलं सगळं काढून घेतलं. मी दोन अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

वरच्या मजल्याचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलही सांगते, कारण आपल्या शेऱ्यात तोच बहुधा 'मोठा बदल' असेल. १९७४ साली मागच्या अर्ध्या भागाचं छप्पर उतरवून वडिलांनी आणि काकांनी स्लॅब टाकला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. एका वेळी पुरेसं आलं नाही, म्हणून स्लॅब दोन टप्प्यांत पडला, आणि तो जोड आजही खालून बघितला की रेघेसारखा दिसतो. गिलाव्याला सिमेंट उरलं नाही, त्यामुळे खालच्या बाजूला सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राहिले : लाकडाच्या रेषा, गाठी, एका ठिकाणी वाकलेला खिळा. लहानपणी उताणी पडून मी त्या गाठींत चेहरे शोधायचे. पुढे वाटणी झाली तेव्हा त्याच स्लॅबवर काकांची चूल गेली, बाहेरून वेगळा जिना आला, दुसरा वीजमीटर आला. जिन्याची पहिली पायरी आमच्या तुळशीवृंदावनाला चिकटून आहे, कारण त्यावरून झालेल्या भांडणात नऊ इंचांची तडजोड झाली. टंचाई आणि वाटणी या दोन गोष्टींनी महाराष्ट्रातल्या उपनगरांतली घरं घडवली. कोणत्याही वास्तुविशारदाने त्यांचा नकाशा काढलेला नाही, म्हणून त्या फक्त बांधकामातच वाचता येतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

'मूळ स्वरूपात बदल' हे कारण एकट्याने पुरेसं मानू नका. कोणता बदल, अंदाजे कोणत्या सालचा, कशासाठी, आणि त्याखाली जुनं बांधकाम शिल्लक आहे का, हे चार रकाने पाहणीच्या तक्त्यात घाला. ज्या बदलाला स्वतःचं सांगण्याजोगं काही आहे, त्याला गुण द्या. कालपरवा लावलेल्या टाइल्सना द्या असं मी म्हणत नाही.

साठ-सत्तर वर्षांहून जुन्या कोणत्याही घराचा निर्णय आत जाऊन पाहिल्याशिवाय आणि राहणाऱ्या सर्वात वयस्क माणसाशी बोलल्याशिवाय करू नका. आमच्या घरात ती आत्या आहे, एक्याण्णव वर्षांची. पडवी बंद करताना गवंड्याला पाणी कोणी दिलं, तेही तिला आठवतं.

यादीत नसलेलं जुनं घर पाडायची परवानगी देताना आधी त्याची मोजणी, आराखडा आणि फोटो पालिकेत जमा करण्याची अट घाला. वास्तुकला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. मापं घेण्याचा सराव त्यांना तसाही करावाच लागतो. पाच-सहा मुलांचा गट दोन दिवसांत एक बंगला मोजू शकतो, हे मी स्वतः करून घेतलेल्या कामावरून सांगते. पुनर्विकास यामुळे दोन दिवसांहून जास्त अडणार नाही.

दप्तरांतले जुने मंजूर नकाशे स्कॅन करून लोकांना बघायला खुले करा.

जे मालक घर राखू इच्छितात त्यांना दुरुस्तीची परवानगी ठरलेल्या मुदतीत द्या, आणि चुन्याचं काम, कौलांचं काम येणाऱ्या कारागिरांची यादी तरी हाती द्या. आमच्या भागात चुना भिजवून मुरवणारा आता एकच गवंडी उरला आहे, आणि तो सत्तरीचा आहे.

आणि आमच्या गल्लीतल्या उरलेल्या घरांची फेरपाहणी करा. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी चालेल. हिस्सेदारांचं जे ठरायचं ते ठरेल. फक्त निकाल घराच्या आत येऊन द्या.

पाऊस सुरू झाला की माळ्यावर चढता येत नाही, वासे निसरडे होतात. त्याआधी या. पन्नास मीटरची टेप माझ्याकडे आहे. तिचं एक टोक मी धरते.

आपली,
बदललेल्या घरातली एक रहिवासी